राज्याच्या प्रतिनिधीचं साप्ताहिक पत्र : कसं वाचायचं आणि उत्तर कधी द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई अटलांटाच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतात आणि नुकत्याच अमेरिकेच्या नागरिक झाल्या आहेत. त्यांच्या भागातून जॉर्जियाच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आलेले सदस्य कॉन्झर्व्हेटिव्ह विचारांचे रिपब्लिकन आहेत. अधिवेशन सुरू झालं की दर शुक्रवारी त्यांचं पत्र ईमेलने येतं : या आठवड्यात अमुक विधेयक मंजूर केलं, तमुक कर कमी केला, शाळांना इतका निधी दिला. बाई विचारतात, ‘घरपट्टीत दिलासा दिला असं त्यांनी लिहिलं होतं, पण माझं बिल वाढूनच आलं. मग हे लोक खोटं लिहितात का? आणि त्यांची निम्मी मतं मला पटत नाहीत, तर उत्तर पाठवून काही उपयोग आहे का?’

मी बरीच वर्षं याच विधिमंडळात एका कॉन्झर्व्हेटिव्ह सदस्याच्या कार्यालयात होते आणि अशी पत्रं लिहिणं हा माझ्या कामाचा भाग होता. आता एका संस्थेसाठी विधेयकांचा पाठपुरावा करते, म्हणजे तीच पत्रं दुसऱ्या बाजूने वाचते. त्या अनुभवातून उत्तर देते.

सहसा खोटं लिहीत नाहीत. प्रत्येक मताची नोंद जाहीर असते, पत्र विरोधकांच्याही हातात पडतं आणि दर दोन वर्षांनी निवडणूक असते, त्यामुळे सरळ खोटं लिहिणं कुणाला परवडत नाही. खरी अडचण वेगळी आहे. पत्र सांगतं की या आठवड्यात सभागृहात काय झालं. तुम्हाला जाणून घ्यायचं असतं की तुमच्या घरात काय बदलणार. या दोहोंच्या मध्ये दुसरं सभागृह, गव्हर्नर, कधी मतदारांचा कौल, कधी तुमची काउंटी (जिल्ह्यासारखा स्थानिक कारभार) आणि शाळा चालवणारं स्कूल बोर्ड एवढे टप्पे उभे असतात. पत्रात त्यांतला एकच टप्पा असतो, आणि तो अखेरचा असल्यासारखा वाचला जातो.

पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, ते आधी सांगते. मी जॉर्जियाबद्दल बोलते आहे. टेक्ससचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा भरतं, तिथलं वेळापत्रक निराळं. जॉर्जियात २००५पासून दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन बहुमत आहे, त्यामुळे तुमच्या सदस्याचा पक्ष विधेयकं पुढे नेऊ शकतो. अल्पमतातल्या सदस्याचं पत्र वाचताना कसोटी बदलते : त्याने काय मंजूर केलं याला फारसा अर्थ नसतो, काय अडवलं किंवा कोणती दुरुस्ती पदरात पाडून घेतली हे बघायचं असतं. सदस्य कमिटीचा अध्यक्ष आहे की पहिल्यांदाच निवडून आला आहे, यानेही फरक पडतो.

आता पत्र तयार कसं होतं ते बघू. अधिवेशनाचा आठवडा संपताना सदस्याच्या हातात वेळ नसतो. इथले सदस्य पूर्णवेळ नसतात; कुणी वकील, कुणी शेतकरी, कुणी विमा विकणारे. मग सभागृहाचं माध्यम कार्यालय किंवा पक्षाचा गट आठवड्याचा मजकूर तयार करून देतो आणि सदस्य त्यात आपल्या भागाच्या दोन गोष्टी घालतो. शेजारच्या मतदारसंघातल्या मैत्रिणीचं पत्र मागवून शेजारी ठेवा. चार परिच्छेद अक्षरशः सारखे निघतील. यात फसवणूक नाही, पण त्या चार परिच्छेदांतून तुमच्या प्रतिनिधीबद्दल काहीच कळत नाही. जे परिच्छेद जुळत नाहीत तेच त्याचे. मी पत्र उघडलं की आधी तेच शोधते. विधेयकावर पहिली सही त्याची आहे का? त्याच्या कमिटीत काय झालं? एखाद्या मताबद्दल त्याने कारण दिलं आहे का? कारण देणारा सदस्य, भले तुम्हाला ते कारण पटो न पटो, संवाद करायला योग्य माणूस असतो.

‘मंजूर झालं’ या वाक्याकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथेच होतो. जॉर्जियाचं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं आणि कामकाजाचे ४० दिवस चालतं. हे दिवस सलग नसतात, म्हणून मार्चअखेर किंवा एप्रिल उजाडतो. २०२५मध्ये ते १३ जानेवारीला सुरू झालं आणि ४ एप्रिलला संपलं. विधेयक दाखल होतं, कमिटीकडे जातं, कमिटीने शिफारस केली तर रूल्स कमिटीकडे जातं, आणि त्या कमिटीने यादीत घेतलं तरच सभागृहासमोर येतं. प्रतिनिधीगृहात १८० सदस्य आहेत आणि विधेयकाला ९१ मतं लागतात. सिनेटमध्ये ५६ सदस्य, तिथे २९. हजर असलेल्यांचं बहुमत पुरत नाही, एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. २८व्या दिवसाला क्रॉसओव्हर डे म्हणतात. त्या रात्रीपर्यंत विधेयक आपल्या सभागृहातून दुसऱ्या सभागृहाकडे गेलं नाही तर त्या वर्षापुरतं ते बहुधा थांबतं. २०२५मध्ये हा दिवस ६ मार्चला होता.

म्हणून फेब्रुवारीतल्या पत्रात ‘आम्ही मंजूर केलं’ असं वाचलंत तर ते बहुतेक वेळा एका कमिटीने किंवा एका सभागृहाने मंजूर केलेलं असतं. दुसऱ्या सभागृहाने बदल केला तर पहिल्याला तो मान्य करावा लागतो. नाही केला तर दोन्हीकडचे तीन-तीन सदस्य बसून तडजोड काढतात. मग गव्हर्नर. अधिवेशन चालू असेल तर त्याला ६ दिवस असतात, संपल्यावर ४० दिवस. त्याने सही केली नाही आणि नाकारलंही नाही, तर विधेयक आपोआप कायदा होतं. अंमल बहुधा १ जुलैपासून सुरू होतो, विधेयकात वेगळी तारीख नसेल तर.

पडलेलं विधेयकही संपतंच असं नाही, हे एसबी २३३ने चांगलं दाखवलं. (एसबी म्हणजे सिनेटमध्ये दाखल झालेलं विधेयक, एचबी म्हणजे प्रतिनिधीगृहात.) राज्याच्या सर्वांत मागे पडलेल्या २५ टक्के सार्वजनिक शाळांच्या हद्दीतल्या मुलांना खासगी शाळा किंवा घरच्या शिक्षणासाठी वर्षाला ६,५०० डॉलरपर्यंत देण्याची ती योजना. २०२३च्या अधिवेशनाच्या शेवटच्या रात्री प्रतिनिधीगृहात तिला ८५ मतं पडली, विरोधात ८९. त्या आठवड्याची पत्रं वाचणाऱ्याला वाटलं असेल की विषय मिटला. पण जॉर्जियात दोन वर्षांचं मिळून एक सत्र धरतात आणि पहिल्या वर्षातलं विधेयक दुसऱ्या वर्षी त्याच क्रमांकाने उभं राहू शकतं. मार्च २०२४मध्ये ते ९१ विरुद्ध ८२ने निघालं, म्हणजे लागणाऱ्या मतांपेक्षा एकही जास्त नाही, आणि २३ एप्रिल २०२४ला गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी सही केली. मधल्या काळात मजकूर बराच बदलला होता.

आणि मजकूर बदलतो हे पत्रात क्वचितच येतं. क्रमांक तोच राहतो आणि आतला मसुदा पार वेगळा होतो. कमिटीच्या नोंदीत ‘बाय सब्स्टिट्यूट’ असं दिसलं तर समजा की मूळ मसुद्याच्या जागी दुसरा आला. प्रत्येक मसुद्याच्या वरच्या कोपऱ्यात एलसी अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो. शेवटी एस असेल तर तो बदललेला मसुदा. आपण ज्या मसुद्याबद्दल बोलतो आहोत तो आणि ज्यावर मत पडलं तो एकच आहे ना, हे मी आजही याच क्रमांकावरून बघते. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सगळे मसुदे ओळीने लावलेले असतात, काम दोन मिनिटांचं आहे.

आता तुमच्या घरपट्टीबद्दल. तुमच्या सदस्याने ज्या दिलाशाबद्दल लिहिलं तो बहुधा २०२४चा एचबी ५८१ असावा. ज्या घरात मालक स्वतः राहतो आणि ज्याला होमस्टेड सवलत लागू आहे, त्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला महागाईच्या दरापेक्षा जास्त वाढू नये, अशी ती तरतूद. त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती हवी होती, म्हणून नोव्हेंबर २०२४मध्ये मतदारांना विचारलं गेलं आणि त्यांनी मान्यता दिली. पण कायद्यातच एक दार ठेवलेलं होतं : काउंटी, शहर आणि स्कूल बोर्ड यांना तीन जाहीर सुनावण्या घेऊन, ठराव करून यातून बाहेर पडता येत होतं. मूळ कायद्यातली त्याची मुदत १ मार्च २०२५. अनेक स्कूल बोर्डं बाहेर पडली. त्यांचंही म्हणणं समजण्यासारखं आहे. शिक्षकांचे पगार आणि बसचा खर्च महागाईच्याच वेगाने वाढेल याची हमी कुणी देत नाही, आणि वाढत्या गावात मुलंही वाढतात.

याचा तुमच्या बिलावर काय परिणाम होतो ते आकड्यांत बघू. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे. जॉर्जियात बाजारभावाच्या ४० टक्क्यांवर कर लागतो. घर ५ लाख डॉलरचं असेल तर करपात्र मूल्य २ लाख. करदर ३० मिल, म्हणजे हजारी ३० डॉलर धरला तर कर ६,००० डॉलर. त्या वर्षी घराची किंमत १० टक्के वाढली. मर्यादा नसती तर मूल्य २,२०,००० आणि कर ६,६०० झाला असता. महागाई ३ टक्के असेल आणि मर्यादा सगळीकडे लागू असेल तर मूल्य २,०६,००० आणि कर ६,१८०. म्हणजे ४२० डॉलर वाचले. पण ३० मिलपैकी २० मिल शाळांचे असतील आणि स्कूल बोर्ड बाहेर पडलं असेल, तर शाळांचा कर २,२०,०००वर लागणार, म्हणजे ४,४००. बाकीचे १० मिल २,०६,०००वर, म्हणजे २,०६०. एकूण ६,४६०. दिलासा १४० डॉलरचा. आणि बिल तरीही गेल्या वर्षीपेक्षा ४६० डॉलरनी जास्तच.

तुमच्या प्रतिनिधीचं वाक्यही खरं आणि तुमचं वाढलेलं बिलही खरं. शिवाय मर्यादा मूल्यावर आहे, करदरावर नाही. कुणी मिल वाढवले तर मर्यादा असूनही बिल वाढतं. होमस्टेडचा अर्जच केला नसेल तर यातलं काहीच लागू होत नाही. नव्याने घर घेतलेल्या आपल्या लोकांकडून हा अर्ज राहून गेलेला मी अनेकदा पाहिला आहे, तेव्हा ते आधी तपासा. बिलावर काउंटी, शहर आणि शाळा यांच्या ओळी वेगळ्या छापलेल्या असतात. कुठली ओळ वाढली ते बघा, म्हणजे तक्रार कुणाकडे न्यायची ते कळेल. शाळांची ओळ असेल तर तुमच्या प्रतिनिधीपेक्षा स्कूल बोर्डाच्या बैठकीला जाणं जास्त उपयोगाचं.

पत्रात आणखी एक गोष्ट वेगळी काढायला शिकलं पाहिजे : कायदा काय करतो आणि त्यातून काय होईल अशी आशा आहे. २०२५च्या एसबी ६८बद्दल बहुतेक कॉन्झर्व्हेटिव्ह सदस्यांनी लिहिलं की विम्याचे हप्ते खाली येतील. २१ एप्रिल २०२५ला सही झालेला हा कायदा नुकसानभरपाईच्या दाव्यांबद्दल आहे. जागेवर गुन्हा घडला तर जागामालक किती जबाबदार, अपघातात सीटबेल्ट लावला होता का हे ज्युरीला सांगता येईल का, उपचारांचा छापील खर्च धरायचा की प्रत्यक्ष भरलेला, अशा गोष्टी त्यात आहेत. विम्याचा हप्ता किती असावा याबद्दल त्यात एकही आकडा नाही. दावे कमी झाले तर हप्ते उतरतील, असं गृहीतक आहे. ते खरं ठरेल की नाही ते काही वर्षांच्या आकड्यांतून कळेल. मी त्या आशेला खोटं म्हणत नाही. तिच्यामागे विचार आहे. फक्त पेन्सिल घेऊन पत्रात कायद्याच्या वाक्यांखाली एक रेघ मारा आणि अंदाजाच्या वाक्यांखाली दोन. पुढच्या वर्षी त्याच सदस्याला विचारता येईल की दोन रेघांच्या वाक्यांचं काय झालं.

कराचे आकडे मात्र स्वतःच मांडून बघा, सोपं असतं. जॉर्जियाचा आयकर २०२४साठी ५.३९ टक्के होता, एचबी १११ने तो २०२५साठी ५.१९वर आणला. करपात्र उत्पन्न १ लाख डॉलर असेल तर वर्षाला २०० डॉलर वाचतात. त्याच अधिवेशनातल्या एचबी ११२ने एकदाच मिळणारा परतावा दिला : एकट्या व्यक्तीला २५० डॉलरपर्यंत, जोडप्याला एकत्र विवरणावर ५००पर्यंत. पत्रात हे दोन्ही एकाच परिच्छेदात येतं. पण एक कायमचं आहे आणि एक त्या वर्षापुरतं, हे लक्षात ठेवा.

अर्थसंकल्पाबद्दल थोडंच. दर अधिवेशनात दोन असतात : चालू वर्षाचा, म्हणजे ३० जूनपर्यंतचा सुधारित, आणि १ जुलैपासूनच्या वर्षाचा. एकच रक्कम गव्हर्नरच्या प्रस्तावात, प्रतिनिधीगृहाच्या मंजुरीत, सिनेटच्या मंजुरीत आणि सहीच्या वेळी अशी चारदा पत्रात येऊ शकते. चार वेळा पैसे मिळाले असं होत नाही. शिवाय गव्हर्नर एखादी रक्कम सुटी काढून नाकारू शकतो. आणि काही विधेयकांच्या शेवटी लिहिलेलं असतं की स्वतंत्र निधी मंजूर झाला तरच हा कायदा लागू. अशा कायद्याची बातमी येते, फोटो येतो, आणि निधी नसेल तर तो कागदावरच राहतो. शेवटचं कलम वाचायची सवय म्हणूनच लावून घ्या.

जे पत्रात नसतं त्याबद्दल माझं मत जरा ठाम आहे. सदस्याने काय गाळलं हे त्याच्यावर टीका करण्यासाठी शोधू नका, त्याला समजून घेण्यासाठी शोधा. पक्षात फूट पडली ते मत, त्याच्या कमिटीत सुनावणीच न मिळालेलं विधेयक, तो सभागृहात नव्हता ते दिवस. मतांच्या नोंदीत हो आणि नाही यांच्याखेरीज रजा घेतलेले आणि मत न दिलेले असेही रकाने असतात. कॉन्झर्व्हेटिव्ह सदस्याच्या बाबतीत मी एक गोष्ट आवर्जून बघते : लहान सरकार, कमी खर्च, स्थानिक लोकांचा अधिकार ही तत्त्वं तो पत्राच्या सुरुवातीला लिहितो, मग जिथे ही तत्त्वं एकमेकांना भिडतात तिथे त्याने काय केलं? एचबी ५८१च घ्या. घरमालकाचा कर आवरायचा तर स्थानिक बोर्डाच्या हातातली कमाई आवरावी लागते. बाहेर पडण्याची मुभा ही त्या भांडणातली तडजोड होती. ज्या सदस्याने पत्रात हे भांडण उघडपणे मांडलं, त्याचं मला कौतुक वाटतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर : सामायिक परिच्छेद बाजूला काढा, प्रत्येक विधेयकाचा टप्पा आणि मसुदा बघा, कायदा आणि अंदाज वेगळे करा, पैशाचं गणित स्वतः करा. पत्र आणि संकेतस्थळ समोर असलं की एका कपभर चहाच्या वेळात होतं.

आता दुसरा प्रश्न, उत्तर पाठवण्याचा. इथे मी वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून आतली रीत सांगते. २०२०च्या जनगणनेनुसार जॉर्जियाच्या प्रतिनिधीगृहातल्या एका सदस्यामागे सरासरी ५९,५११ लोक येतात. काँग्रेसच्या, म्हणजे देशाच्या संसदेच्या, प्रतिनिधीगृहातल्या सदस्यामागे साडेसात लाखांहून जास्त. म्हणजे राज्याच्या पातळीवर तुमच्या एका पत्राचं वजन खूपच मोठं आहे, आणि आपल्या लोकांना याची कल्पनाच नसते. ईमेल आली की आम्ही पहिल्यांदा पत्ता बघायचो. मतदारसंघातली असेल तर ती वेगळ्या गठ्ठ्यात. एखाद्या संस्थेने लिहून दिलेला एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला तर त्याची बेरीज होते, पत्रं वाचली जात नाहीत. स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं, विधेयकाच्या क्रमांकाचं, एकाच मुद्द्याचं पत्र सदस्याच्या टेबलापर्यंत जातं. मी ज्यांच्याकडे होते ते अशी पत्रं कमिटीच्या बैठकीत सोबत नेत.

वेळ महत्त्वाची. विधेयक कमिटीत असताना लिहिलेल्या चार ओळी सभागृहात मत पडल्यानंतरच्या चार पानांपेक्षा जास्त उपयोगाच्या, कारण मजकूर बदलतो तो कमिटीत. क्रॉसओव्हरनंतर विधेयक दुसऱ्या सभागृहात गेलं की तुमच्या सिनेटरला लिहा. तो वेगळा माणूस आहे हे बरेच जण विसरतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत ईमेल वाचायला कुणाला उसंत नसते, तेव्हा कार्यालयात फोन करून नाव, पत्ता, विधेयकाचा क्रमांक आणि बाजूने की विरोधात एवढंच सांगा. अधिवेशन संपलं की त्या ४० दिवसांत पत्र गव्हर्नरकडे.

मतं पटत नाहीत म्हणून लिहू नये, असं मुळीच नाही. उलट ज्याला सगळं पटतं त्याच्या पत्राने सदस्याला काही नवं कळत नाही. पण त्याच्या तत्त्वांतून प्रश्न विचारा. एसबी २३३ तुम्हाला मान्य नसेल आणि ‘तुम्ही सरकारी शाळांचे शत्रू आहात’ असं लिहिलंत, तर साचेबंद आभारपत्र येईल. त्याऐवजी लिहा : ‘या योजनेत करदात्यांचे वर्षाला एका मुलामागे ६,५०० डॉलरपर्यंत जातात. घेतलेल्या पैशाचा हिशेब शाळा कुणाला देते, आणि मुलाची प्रगती मोजली जाते का? खर्चावर तुमची नजर कडक असते म्हणून विचारते.’ पैशाचा हिशेब हा कॉन्झर्व्हेटिव्ह सदस्याचा स्वतःचा आग्रह आहे, त्याला हा प्रश्न टाळता येत नाही. अशा प्रश्नाला आमच्याकडून नेहमी खरं उत्तर जायचं, कारण ते लिहिण्यासाठी आम्हालाच कायदा पुन्हा उघडावा लागायचा.

घरपट्टीबद्दल तुम्ही असं लिहू शकता : ‘मी तुमच्या मतदारसंघातली घरमालक आहे, पत्ता खाली दिला आहे. एचबी ५८१मुळे दिलासा मिळाला असं तुमच्या पत्रात होतं. माझ्या बिलात शाळांची ओळ इतक्या डॉलरनी वाढली आहे. आमचं स्कूल बोर्ड या मर्यादेतून बाहेर आहे का? असेल तर पुढच्या अधिवेशनात यावर तुमची भूमिका काय असेल? पुढच्या पत्रात कोणती स्थानिक मंडळं आत आहेत आणि कोणती बाहेर याची यादी द्याल का?’ शेवटचं वाक्य नक्की ठेवा. वाचकांनी मागितलेली माहिती पुढच्या अंकात द्यायला कार्यालयाला आवडतं, आणि तुमच्यामुळे ती सगळ्या मतदारसंघाला मिळते.

एक गोष्ट आपल्या समाजासाठी मुद्दाम लिहिते, कारण अशी पत्रं मी पुष्कळ पाहिली. ग्रीन कार्डची रांग आणि एच-१बी व्हिसा हे विषय राज्याच्या प्रतिनिधीच्या हातात नाहीत, ते काँग्रेसचे आहेत. तिथेही टप्प्याची हीच गंमत लागू होते. ग्रीन कार्डांवरची देशनिहाय मर्यादा काढणारं एचआर १०४४ हे विधेयक काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहात जुलै २०१९मध्ये ३६५ विरुद्ध ६५ने मंजूर झालं तेव्हा घराघरांत पेढे वाटायची तयारी झाली. डिसेंबर २०२०मध्ये सिनेटने एस ३८६ हे त्याचं भावंड विधेयक एकमताने मंजूर केलं, पण त्याचा मजकूर वेगळा होता. दोन्हींचा मेळ बसला नाही, जानेवारी २०२१मध्ये ती काँग्रेस संपली आणि दोन्ही विधेयकं तिच्याबरोबर गेली. दोन्ही सभागृहांनी ‘मंजूर’ केलेलं, तरी कायदा नाही.

आणि फक्त जानेवारी ते एप्रिलच लिहायचं असं समजू नका. उन्हाळ्यात आणि पानगळीच्या दिवसांत सदस्य घरीच असतात, साप्ताहिक पत्र बंद असतं आणि टेबल बऱ्यापैकी मोकळं असतं. त्याच काळात अभ्यास समित्या बसतात, त्यांच्या सुनावण्या लोकांना खुल्या असतात, आणि पुढच्या वर्षीची विधेयकं तिथे आकार घेतात. १५ नोव्हेंबरपासून सदस्यांना विधेयकं आधीच नोंदवता येतात. तुम्हाला घरपट्टीच्या कायद्यात काही बदल हवा असेल तर ऑक्टोबरमध्ये त्यांच्याशी अर्धा तास मागून घ्या, गेल्या तीन वर्षांची बिलं सोबत न्या आणि प्रत्येक बिलावरची शाळांची ओळ पिवळ्या पेनाने खुणावून ठेवा.